जपान-कोरियात पाळणा हलेना! पैसे देऊन हलतो का?

निशिकसाईकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय.

जपानमध्ये २०२४ साली जपानी नागरिकांच्या पोटी साधारण ६ लाख ८६ हजार मुलं जन्मली. १९७३ मध्ये हाच आकडा २० लाखांच्या वर होता. टीएफआर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, १.१५ वर आलाय. शेजारी दक्षिण कोरियात २०२३ मध्ये तो ०.७२ होता. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतो.

सरकार हातावर हात ठेवून बसलंय असंही नाही. इथे जपानमध्ये बाळंतपणाला ५ लाख येन एकरकमी मिळतात. टोकियो महानगर सरकारने २०२४ मध्ये चक्क लग्न जुळवायचं ॲप काढलं आणि एप्रिल २०२५ पासून स्वतःच्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून चारच दिवस कामावर यायची मुभा दिली. कोरियात एका बांधकाम कंपनीने तर कर्मचाऱ्यांना मूल झालं की मुलामागे १० कोटी वॉन द्यायला सुरुवात केली.

तरी पाळणा हलेना. माझा प्रश्न साधा आहे: पैसे आणि सोयी देऊन मुलं वाढतात का? नसतील वाढत तर घोडं नेमकं अडतंय कुठे? जे बाहेरच्या देशात आहेत त्यांनी आपापल्याकडचं लिहा. व्हॉट्सअॅप विद्यापीठ कृपया बाहेर ठेवा.

टवाळ_टोळभैरव

पहिला!
१० कोटी वॉन म्हणजे रुपयांत किती हो? मित्राला विचारायचंय.

निशिकसाईकर

साठ लाखांच्या आसपास. मित्राला म्हणावं आधी लग्न कर.

खडूस_काका

एवढा मोठा धागा कशाला? उत्तर एका ओळीचं आहे. मुली शिकल्या, कमवायला लागल्या, आता त्यांना संसार नकोसा झाला. आमच्या आईला आम्ही सहा जण. तिने कधी सरकारकडे सोयी मागितल्या नाहीत.

सई_स्टुटगार्ट

काका, तुमच्या आईला कोणी विचारलं होतं का, किती हवीत म्हणून?

असो. मुद्द्यावर येते. फ्रान्सच्या बायका काय अडाणी आहेत? तिथला दर २०१० मध्ये २.०३ होता, आणि तेव्हाही त्या नोकऱ्या करतच होत्या. तिकडे इटलीत नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाण युरोपात सगळ्यात कमी असणाऱ्यांपैकी, आणि २०२४ मध्ये दर १.१८. तुमच्या हिशोबाने उलटं व्हायला हवं होतं.

आता जर्मनीचं. इथे १९७२ पासून दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत. मध्ये सरकारने बरंच केलं: २००७ पासून पगाराच्या प्रमाणात पालकभत्ता, २०१३ पासून मूल एक वर्षाचं झालं की किटामध्ये (इथलं पाळणाघर) जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क. दर २००६ च्या १.३३ वरून २०१६ मध्ये १.५९ पर्यंत चढलाही. २०२४ मध्ये परत १.३५.

कायदेशीर हक्क म्हणजे काय ते आम्ही भोगतोय. गरोदर असतानाच चार-पाच ठिकाणी नाव घातलं होतं. जागा मिळाली तेव्हा लेक दोन वर्षांची होत आली होती. मिळाल्यावरही आठवड्याआड निरोप येतो, आज शिक्षिका आजारी, एक वाजता मुलांना घेऊन जा. मग मीटिंगमध्ये कॅमेरा बंद आणि मांडीवर लेक. त्या काळात घर चाललं ते साताऱ्याहून आलेल्या आईवर, आणि तिचा व्हिसा संपला की नाशिकहून येणाऱ्या सासूबाईंवर. प्रत्येकी ९० दिवस. इथल्या मराठी घरांत हे आज्यांचं टाइमटेबल भिंतीवर लावलेलं असतं. जर्मन मैत्रिणीला तीही सोय नाही, तिची आई स्वतःच ६५ पर्यंत नोकरीत. दुसरं मूल का नको असं मला तिला कधी विचारावंसं वाटलं नाही.

मृगजळ

आज्यांचं टाइमटेबल 😂😂 अगदी अगदी! आमच्याकडे तर दोन आज्या एकाच वेळी येऊ नयेत म्हणूनही टाइमटेबल लागतं.

आकडेमोड

०.७२ म्हणजे काय ते नुसतं वाचून कळत नाही, म्हणून मांडतो. शंभर बायका आणि शंभर पुरुष घ्या. त्यांना मुलं ७२. त्यात मुली साधारण ३५. त्या ३५ जणींना पुन्हा याच दराने मुलं २५. म्हणजे २०० आजी-आजोबांमागे २५ नातवंडं. दोन पिढ्यांत खेळ खलास.

आणि २.१ का, २ का नाही? कारण निसर्गतः १०० मुलींमागे १०५ च्या आसपास मुलगे जन्मतात आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत.

एक सावधगिरी मात्र. टीएफआर हा त्या एका वर्षाचा फोटो असतो. सगळ्यांनी पहिलं मूल २५ ऐवजी ३२ ला होऊ द्यायचं ठरवलं तर मधली काही वर्षं दर खूप खाली दिसतो, आणि ती मुलं नंतर आली की थोडा वर येतो. त्यामुळे ‘अमुक योजना आणली आणि दर वाढला’ या बातम्यांवर लगेच भाळू नये. हंगेरीचं बघा. तिथे २०२० पासून चार मुलं असलेल्या आईला जन्मभर आयकर माफ. दर २०११ च्या १.२३ वरून २०२१ मध्ये १.६ च्या जवळ गेला, जगभर गाजावाजा झाला. २०२४ पर्यंत पुन्हा १.४ च्या आसपास. बहुतेक लांबवलेली बाळंतपणं उरकली एवढंच.

टवाळ_टोळभैरव

जन्मभर आयकर माफ?? मित्र हंगेरीला निघाला.

आकडेमोड

आईला माफ आहे. तुझ्या मित्राला नाही.

सोलकढी

आयडीवरून कळलंच असेल, मी मालवणचा, सध्या सोलमध्ये. 😀

कोरियाबद्दल दोन गोष्टी सांगतो. पहिली हागवॉन, म्हणजे खासगी क्लास. आपल्याकडे लातूर पॅटर्न, कोटा वगैरे दहावीनंतर सुरू होतं. इथे बालवाडीपासून. २०२३ मध्ये कोरियन पालकांनी शाळकरी मुलांच्या खासगी शिकवणीवर २७ ट्रिलियन वॉन घातले. दहातली जवळपास आठ मुलं कुठल्या ना कुठल्या क्लासला जातात. नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना देशातली विमानं उतरू देत नाहीत, आवाज नको म्हणून. अशा ठिकाणी दोन मुलं म्हणजे दोनदा ही शर्यत. लोक म्हणतात, एकाला नीट पळवू, नाहीतर नकोच.

दुसरी गोष्ट लग्न. सोलमध्ये भाड्याने राहायचं तरी घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम अनामत ठेवायची पद्धत आहे, त्याला जॉन्से म्हणतात. मुलाकडच्यांनी घराचं बघायचं ही जुनी अपेक्षा अजून गेलेली नाही. आणि मुलीने लग्नानंतर सासरच्या सणांना स्वयंपाकघरात राबायचं ही अपेक्षाही गेलेली नाही. ऑफिसातल्या मुली स्पष्ट म्हणतात, पगार आम्हीही आणायचा आणि चुसोकला, म्हणजे त्यांच्या पितृपक्ष-कम-दिवाळीला, त्याच्या पूर्वजांसाठी भजी आम्हीच तळायची, नको ते लग्न.

सोल शहराचा दर २०२३ मध्ये ०.५५ होता. हो, बरोबर वाचलंत.

२०२४ मध्ये मात्र देशाचा दर ०.७५ झाला, नऊ वर्षांत पहिल्यांदा जन्म वाढले. त्या वर्षी लग्नंही जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढली. कोविडमध्ये राहिलेली असावीत.

खडूस_काका

सणाला भजी तळायला लागतात म्हणून देश संपवायचा? धन्य आहे.

एकटी_पण_मजेत

तळून पाहिलीत का कधी काका, तीस माणसांची?

मी ठाण्याची, वय ३९, लग्न झालंय, मूल नको हे दोघांनी ठरवून. ‘मुलं न होऊ देणारे स्वार्थी’ हे ऐकून आता हसू येतं. देश टिकावा म्हणून मुलं कोणी जन्माला घातली होती सांगा ना. आमच्या आजीच्या पिढीने देशाच्या टीएफआरचा विचार करून अकरा बाळंतपणं काढली नव्हती. तिला पर्याय नव्हता, एवढंच. आता जगातल्या बहुतेक ठिकाणी पर्याय आहे आणि आकडे त्यामुळे खाली आलेत. ही तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे असं मला वाटतच नाही. जपानमध्ये साडेबारा कोटींऐवजी आठ कोटी माणसं राहिली तर काय बिघडलं? लोकलमध्ये उभं राहायला तरी जागा मिळेल.

आकडेमोड

आठ कोटींना हरकत नाही ताई, पण आठ कोटींत कोण कोण आहे हा प्रश्न आहे. जपानमध्ये आत्ताच २९ टक्के लोक ६५ च्या वर आहेत. लोकसंख्या सगळ्या वयांत सारखी कमी होत नाही, ती खालून कमी होते. पेन्शन, दवाखाने, म्हाताऱ्यांना अंघोळ घालणारे हात, हे सगळं त्या कमी होणाऱ्या तरुणांकडून यायचंय. ओजी नावाच्या जपानी कंपनीने २०२४ मध्ये देशातलं लहान मुलांच्या डायपरचं उत्पादन थांबवलं आणि मोठ्यांच्या डायपरवर भर द्यायचं ठरवलं.

लोकसंख्या कमी होणं आणि वेगाने कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकटी_पण_मजेत

वेगाचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी मी बाळंत व्हायचं हे अमान्य. 🙂

राजापूरची_गंगा

जपानमध्ये ९० लाख घरं रिकामी आहेत असं वाचलं होतं (२०२३ च्या त्यांच्या घरपाहणीत). लोकांना त्याचं केवढं नवल! आमच्या वाडीत या. दहा घरांतल्या सहांना कुलूप, गणपती आणि शिमग्याला उघडणार. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे २००१ पेक्षा कमी भरले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पट इतका कमी की गुरुजी आणि पोषण आहाराच्या मावशी धरल्या तर क्रिकेटची टीम होते. अर्थात आमच्याकडची मुलं मुंबईला गेली, जन्मलीच नाहीत असं नाही. पण शाळेला काय फरक पडतो?

सोलकढी

गंगाताई, कोरियात गांजिन नावाच्या ग्रामीण भागात २०१९ मध्ये एका शाळेला पहिलीत मूलच मिळेना. मग त्यांनी गावातल्या निरक्षर आज्यांना पहिलीत बसवलं. सत्तरीच्या आज्या दप्तर घेऊन पिवळ्या बसने शाळेत. लहानपणी मुलगी म्हणून शिकवलं नव्हतं त्यांना.

मृगजळ

किती गोड!! यावरून आठवलं, जपानमध्ये एका मुलीला शाळेत जाता यावं म्हणून रेल्वेने अख्खं स्टेशन तिचं शिक्षण होईपर्यंत चालू ठेवलं होतं. वाचून डोळ्यांत पाणी आलं होतं.

निशिकसाईकर

व्हॉट्सअॅप विद्यापीठ आलंच शेवटी. 😄 होक्काइदोतलं क्यू-शिराताकी स्टेशन. मार्च २०१६ मध्ये बंद झालं हे खरं, शाळेत जाणारी मुलगी तिथून चढायची हेही खरं. पण केवळ तिच्यासाठी गाडी ठेवली होती ही वरची फोडणी. प्रवासी उरले नाहीत म्हणून स्टेशनं बंद होताहेत, मूळ गोष्ट एवढीच आणि ती काही गोड नाही.

मृगजळ

विरस केलात. बरं मग एक खरं खरं सांगा, जपानमध्ये पत्रिका बघतात का?

निशिकसाईकर

आपल्यासारखी नाही, पण एक भारी किस्सा आहे आणि तो धाग्याशी संबंधितही आहे. त्यांच्याकडे साठ वर्षांच्या चक्रात एक ‘हिनोए-उमा’, अग्नी-अश्व वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याच्या मुळावर येते असा समज. आपल्याकडच्या कडक मंगळाची जपानी बहीणच म्हणा. १९६६ हे तसं वर्ष होतं. त्या एका वर्षात जन्म चौथ्या हिश्शाने घटले आणि टीएफआर १.५८ वर आला. पुढच्या वर्षी गाडी पुन्हा रुळावर.

नंतर १९८९ चा आकडा आला १.५७. कुठलाही अशुभ घोडा नसताना १९६६ पेक्षा कमी! तेव्हा सरकारची पहिल्यांदा झोप उडाली. ‘१.५७ चा धक्का’ असंच त्याला म्हणतात. आज १.५७ मिळाला तर पेढे वाटतील.

आणि हो, २०२६ हे परत तेच वर्ष आहे.

टवाळ_टोळभैरव

म्हणजे २०२६ ला आकडा पडला तर घोड्यावर ढकलता येईल. मंत्र्यांची सोय.

जुनापुराणा

वय ७४. मी वाचतो, लिहीत नाही सहसा. पण राहवलं नाही.

आमच्या तरुणपणी एसटीच्या पाठीवर लाल त्रिकोण असायचा आणि ‘दोन किंवा तीन पुरेत’. आणीबाणीत माझ्या माहितीतल्या शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायचं उद्दिष्ट दिलं होतं, नाहीतर पगार अडवत. त्याच्या कितीतरी आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा त्यांना लोकांनी काय काय ऐकवलं. पाळणा लांबवा म्हणणारा एकटा माणूस, आणि आता सरकारंच पाळणा हलवा म्हणताहेत.

सरकारने बायकांच्या पोटात हात घातला की वाईटच होतं, दिशा कुठलीही असो. रुमानियात हुकूमशहा चाउसेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली. पुढच्याच वर्षी दर १.९ वरून ३.७ वर. मग लोकांनी चोरवाटा शोधल्या, दर उतरत गेला, आणि मागे राहिल्या बेकायदा गर्भपातात मेलेल्या हजारो बायका आणि भरलेली अनाथालयं. १९८९ ला राजवट पडल्यावर लगेच तो कायदा रद्द झाला. खडूस_काकांनी यावर जरूर विचार करावा, वयाने ते माझ्यापेक्षा लहान असावेत.

खडूस_काका

मी ६८. तुमच्याशी वाद घालणार नाही. पण बंदी घाला असं मी म्हटलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

फाइव्ह_गार्डन्स

परदेश कशाला, आमच्या दादरला या. पारशी समाज १९४१ मध्ये १ लाख १४ हजार, २०११ मध्ये ५७ हजार. सरकारने २०१३ पासून ‘जियो पारसी’ योजना चालवली, आयव्हीएफला मदत, जाहिराती, सगळं. काही मुलं जन्मली, घरात आनंद झाला, पण मृत्यूंच्या मानाने फारच थोडी. माझ्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू म्हणतात, “डिकरा, पैसा तो छे, पण परनवावाळो कोण छे?” लग्नच होत नाहीत, झाली तर चाळिशीत. आणि बाहेर लग्न केलेल्या मुलीची मुलं पारशी धरत नाहीत, तो वाद वेगळाच.

निशिकसाईकर

फाइव्ह_गार्डन्स, तुमच्या काकूंनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय बहुतेक. सगळे प्रतिसाद वाचून पुन्हा आकडे काढून बसलो.

आधी मला सईसारखंच वाटायचं, पाळणाघरं नाहीत म्हणून अडतंय. पण जपानमध्ये पाळणाघराच्या प्रतीक्षायादीत २०१७ मध्ये २६ हजार मुलं होती, २०२४ मध्ये अडीच हजार. यादी जवळजवळ संपली आणि जन्म त्याच काळात घसरतच राहिले. (मुलंच कमी झाल्यामुळेही यादी आटली, ते धरून.)

मग लग्न झालेल्यांचं पाहिलं. २०२१ च्या सरकारी पाहणीत लग्नाला पंधरा-वीस वर्षं झालेल्या जोडप्यांना सरासरी १.९० मुलं आहेत. म्हणजे ज्यांनी लग्न केलं त्यांना अजूनही जवळपास दोन होतात! पण २०२० मध्ये पन्नाशीपर्यंत कधीच लग्न न केलेले पुरुष २८ टक्के आणि बायका जवळजवळ १८ टक्के. आणि इथे लग्नाबाहेर जन्मणारी मुलं दोनेक टक्के, फ्रान्समध्ये निम्म्याहून जास्त. म्हणजे जपान-कोरियात लग्न नाही तर मूल नाही, आणि सरकारचा बहुतेक पैसा मूल झाल्यानंतर सुरू होतो. टिफिन रोज वेळेवर येतोय, पण घरात माणूसच नाही.

सई_स्टुटगार्ट

अर्धवट सहमत. लग्न का नको हे त्या मुलींना विचारलं तर उत्तर पुन्हा घरातच सापडतं. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या जपानी घरांत २०२१ मध्ये बायको रोज साडेसात तास घरकाम आणि मुलांचं करायची, नवरा दोन तासांहून कमी. हे लग्नाआधीच दिसतं ना मुलींना. आई, मावशी, ऑफिसातली सीनियर, सगळीकडे तेच.

आकडेमोड

मग फिनलंडचं काय? बाप घरकाम करतो, पाळणाघर आहे, १९३८ पासून सरकार बाळंतविड्याची पेटी देतंय. २०१० मध्ये दर १.८७, २०२३ मध्ये १.२६. स्वीडनमध्ये ४८० दिवस रजा, त्यात ९० दिवस बापासाठी राखीव, तरी २०२४ मध्ये १.४३. समानता आली की मुलं येतात हे दहा वर्षांपूर्वी मीही छातीठोकपणे सांगायचो. आता कोणी सांगत असेल तर त्याने फिनलंडचं आधी समजावावं.

सई_स्टुटगार्ट

मी कधी म्हटलं समानता आली की मुलं येतात? समानता नसली तर लग्नच होत नाहीत एवढं म्हटलं. आणि १.४ आणि ०.७ यांत दोन पिढ्यांनी केवढा फरक पडतो ते तुम्हीच वर मांडलंय.

सिंगापूर_स्लिंग

आमच्याकडे सिंगापुरात सत्तरच्या दशकात ‘दोनवर थांबा’ची मोहीम होती. १९८७ मध्ये फिरवून ‘परवडत असतील तर तीन किंवा जास्त’. २०२३ मध्ये दर ०.९७. थांबायला सांगितलेलं लगेच ऐकतात, चला म्हटलेलं कोणी ऐकत नाही.

निशिकसाईकर

जपानमध्ये एक गाव मात्र आहे, ओकायामा प्रांतात नागी. वस्ती सहा हजारांच्या आत-बाहेर. २०१९ मध्ये दर २.९५! त्यांनी एकरकमी पैशापेक्षा बारीक बारीक सोयी केल्या. तासाभरासाठी मूल सोडता येईल अशी जागा, गावातल्या आज्या तिथे मदतीला, आणि आयांना दिवसातले दोन-तीन तास करता येतील अशी छोटी कामं मिळवून देणारं केंद्र. मंत्र्यांच्या सहली जातात बघायला.

आकडेमोड

नागीला स्वसंरक्षण दलाचा तळ आहे, तरुण कुटुंबं आपोआप येतात. शिवाय आजूबाजूच्या गावांतून मुलंवाली घरं सोयी बघून तिथे राहायला येतात. एवढ्याशा गावात दहा बाळं इकडची तिकडे झाली की दर नाचतो. देशाला लागू होत नाही.

निशिकसाईकर

लागू होत नाही मान्य. पण सईच्या आज्यांचं टाइमटेबल गावाने चालवायला घेतलंय, आणि आयांची तक्रार ऐकू येत नाही, एवढं तरी बघा.

राजापूरची_गंगा

महाराष्ट्राचा दर किती आहे हो? कोणीच लिहिलं नाही.

आकडेमोड

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१: महाराष्ट्र १.७, गोवा १.३, देश २.०. गोवा आत्ताच जर्मनीच्या खाली. तुमचा ‘जपानमध्ये काय झालं’ धागा वीस वर्षांनी इथेच वर काढावा लागेल, फक्त आपण तेवढे श्रीमंत झालेले नसू.

जुनापुराणा

वीस वर्षांनी मी नसेन, धागा तुम्हीच वर काढा.

मृगजळ

आजोबा, असं नाही बोलायचं.

सई, एक विचारायचं होतं. माझी मामेबहीण कोल्हापुरात नर्स आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये तुमच्याच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला, त्यातून जायचं म्हणतेय. जर्मन कितपत लागतं? तिला दोन वर्षांचं मूलही आहे.

सई_स्टुटगार्ट

नर्ससाठी साधारण बी-टू पातळी धरून चाल, क्लास आत्ताच लाव. इथे म्हाताऱ्यांसाठी माणसं हवीच आहेत, काम मिळेल. मुलासाठी मात्र किटाचा अर्ज व्हिसाच्या आधी करायला सांग. खरंच सांगतेय. व्यनि (खासगी निरोप) करते तुला, सगळं सविस्तर लिहून.

टवाळ_टोळभैरव

आणि आज्यांचे पासपोर्ट नूतनीकरणाला टाका म्हणावं. मित्राचं लग्न अजून ठरायचंय, पण त्याच्या आईचा पासपोर्ट तयार आहे.